जॅमचा अर्ज

रविवार, रात्री साडेअकरा. नाशिक, गंगापूर रोडची खोली.

फोटो, सही, मार्कशीट चढवून झालं. नॉन-क्रिमी लेयर केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, ते अजून आणायचंय. अडलंय ते पेपरच्या रकान्यापाशी. जॅम म्हणजे आयआयटीतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा. तिला दोन पेपर देता येतात, पण जिऑलॉजी आणि केमिस्ट्री गेली काही वर्षं एकाच सत्रात असतात. म्हणजे दोनातला एकच.

केमिस्ट्रीला जागा जास्त. शिवाय सातपूर-अंबडच्या कंपन्या डोळ्यांसमोर आहेत, नोकरीचं घरी समजावून सांगता येतं. सगळे तेच सुचवतात, आणि त्यांचं चुकतं असंही नाही.

पण मला राहून राहून आमचं सिन्नरकडचं रान आठवतं. मी दहावीत होते तेव्हा आप्पांनी बोअर घेतलं. पाणाड्यानं तळहातावर नारळ धरून जागा दाखवली. आधी मुरूम, मग काळा पाषाण, मध्येच लाल भुकटी, पुन्हा काळा. चारशे वीस फुटांवर गाडी थांबवली, पाण्याचा थेंब नाही. बांधापलीकडच्या काकांना एकशे ऐंशी फुटांवर लागलं होतं. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. सगळे नशिबावर बोलत होते आणि मला ती लाल भुकटी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

एसवायला कळलं, त्या थराला बोल म्हणतात. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर साचले. दोन थरांमध्ये बराच काळ गेला की खालच्याचा माथा झिजायचा, त्याची माती व्हायची, आणि तीच पुढच्या लाव्ह्याखाली दबायची. अखंड काळ्या पाषाणात पाणी मुरायला जागाच नसते. ते भेगांत आणि झिजलेल्या भागात साठतं, आणि भेगा काही बांध बघून पडत नाहीत. वर्गात हे ऐकताना माझे डोळे भरून आले होते.

तयारी अजून कच्ची आहे. तीन तास, साठ प्रश्न, शंभर गुण. पहिल्या तीस प्रश्नांत चुकलं की गुण कापतात. शेवटच्या वीसांत उत्तर आकड्यात द्यायचं, तिथे माझी स्ट्राइक-डिपची, म्हणजे खडकाच्या थराची दिशा आणि उतार काढायची, गणितं अडतात. रोज पहाटे पाच सोडवायची. पुणे विद्यापीठाची प्रवेश परीक्षाही देणार आहे, पण ओढ मुंबईच्या आयआयटीची.

संध्याकाळी आप्पांना फोन केला. सगळं सांगितलं, जागा कमी आहेत हेही. बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "दिवाळीनंतर ओढ्याकडं दुसरं बोअर घ्यायचं म्हणतोय."

मी म्हटलं, "आप्पा, दर दहा फुटांना निघेल तो चुरा वेगळा ठेवाल? पिशवीवर फूट लिहून?"

"खताच्या गोण्या चालतील का गं?"

"धुऊन घेतल्या तर चालतील."

फोन ठेवला आणि रकान्यात जिऑलॉजी भरलं.