कॅन्सरची शंका आणि वर्षभराची ‘मूळव्याध’

ऐरोलीत आयटीत नोकरी करणारा 26 वर्षांचा मुलगा. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगाला खाज, वजन उतरलेलं. काविळीची माळ घालून झाली होती. सीटीच्या रिपोर्टमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ, कॅन्सरची शंका. व्हिपलचं ऑपरेशन सांगितलेलं, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय, सगळंच काढायचं. वडिलांनी मला पॅसेजमध्ये गाठलं. “डॉक्टर, जे असेल ते मला सांगा. त्याच्या कानावर नको.”

स्कॅन स्वतः पाहिला. कॅन्सरने वाट अडवली की मागची स्वादुपिंडाची नलिका सहसा फुगते. इथे ती बारीकच होती. आणि एकट्या डोक्याला नाही, अख्ख्या स्वादुपिंडाला सूज.

वडिलांना बाहेर बसवून मुलाला विचारलं, “शौचाला कसं होतं?”

“पाच-सहा वेळा जावं लागतं. रक्त पडतं. मूळव्याध आहे, सर.”

वर्षभर! तपासलं कुणीच नव्हतं, चूर्ण चालू होतं. आपल्याकडे खालून रक्त आलं की मूळव्याध, विषय संपला. मला याचा भयंकर राग येतो.

कोलोनोस्कोपीत गुदाशयापासून वर सलग लाल, सुजलेलं अस्तर. दुर्बीण नुसती टेकली तरी रक्त. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा. आता ऑटोइम्यून पँक्रियाटायटिसचा, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीने स्वादुपिंडाला येणाऱ्या सुजेचा, संशय बळावला. त्याचा पहिला प्रकार बहुधा उतारवयातल्या पुरुषांना होतो, रक्तात आयजीजी-4 नावाचं प्रतिपिंड (अँटीबॉडी) वाढतं. दुसरा तरुणांना, आयजीजी-4 सहसा नॉर्मल आणि बऱ्याच जणांना सोबत आतड्याचा हाच आजार. याचंही नॉर्मलच आलं. तरी कॅन्सर नाही याची खात्री केल्याशिवाय स्टेरॉइड द्यायचं नव्हतं. एंडोस्कोपिक सोनोग्राफीतून तुकडा घेतला. पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मायक्रोस्कोपवर बोलावून दाखवलं: न्यूट्रोफिल, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, थेट नलिकेच्या अस्तरात घुसलेल्या. ही दुसऱ्या प्रकाराची खूण. कॅन्सरची पेशी कुठेही नाही.

मग स्टेरॉइड सुरू केलं: प्रेडनिसोलोन, रोज 40 मिलिग्रॅम. दोन आठवड्यांत काविळीचं बिलिरुबिन उतरलं, पुढच्या स्कॅनमध्ये सूजही ओसरली. ऑपरेशन टळलं. कोलायटिसची गोळी, मेसालामाइन, मात्र चालू ठेवावी लागणार होती, आणि क्वचित तिनेही स्वादुपिंडाला सूज येते. मुलाला विचारूनच वडिलांना आत बोलावलं आणि पोटात दुखलं तर लगेच यायचं, हे दोघांना बजावलं.

“वर्षभर रक्त पडत होतं आणि घरात बोलला नाहीस?” वडील कडाडले.

“कधी बोलणार, बाबा? तुम्ही भेटता ते जेवायच्या ताटावर.”