पोटाच्या नादात हाडं राहिली

मागच्या मे महिन्यात पाण्याचा २० लिटरचा जार उचलून डिस्पेन्सरवर उलटा करत होतो आणि पाठीत कटकन काहीतरी झालं. आई म्हणाली उसण भरलीये, तवा गरम करून फडक्याने शेकलं, बाम चोळला, जवळच्या डॉक्टरांनी स्नायू दुखावलाय म्हणून पट्टा दिला. वय ३४, कोण कशाला हाडाचा विचार करेल? दीड महिना झाला तरी कुशीवर वळताना डोळ्यात पाणी यायचं, तेव्हा कुठे एक्सरे काढला तर एक मणका पुढून चेपलेला. जार उचलून!

मला क्रोन्स आहे, म्हणजे आतड्याला सूज येत राहण्याचा जुनाट आजार, सहा वर्षं झाली. त्यात सुरुवातीला टीबीच समजून सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. आपल्याकडे हे बऱ्याच जणांचं होतं, आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतून सारखेच दिसतात. मग स्टिरॉइड. ४० मिलिग्रॅमपासून हळूहळू कमी करत आणायचं, असे तीन कोर्स झाले. आणि एक कबुली देऊन टाकतो, तिसऱ्या वेळी मी ते पूर्ण बंद केलंच नाही, १० ची गोळी स्वतःच्या मनाने चार-पाच महिने चालू ठेवली कारण पोट शांत, भूक जबरदस्त, ऑफिसला सुट्टी नाही, मग कोण सोडेल? डॉक्टरांना सांगितलं नाही. (उलटंही करू नका हां, स्टिरॉइड एकदम बंद करणं त्याहून डेंजर आहे.)

आता नवीन डॉक्टरांनी समजावलं ते असं की स्टिरॉइड नवीन हाड बनवणाऱ्या पेशींना झोपवतं, वर आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं आणि लघवीतून जास्त जातं, आणि सगळ्यात जोरात झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच होते. पण सगळं खापर स्टिरॉइडवर फोडून चालणार नाही कारण आतड्यात सूज धुमसत असते तेव्हा तिच्यातून निघणारी रसायनंच हाड खाणाऱ्या पेशींना चेव आणतात. म्हणजे स्टिरॉइड घेतलं तरी हाडं जाणार, आणि आजार तसाच सोडला तरी जाणार. माझे टीबीच्या गोळ्यांचे सहा महिने त्यातलेच.

डेक्सा स्कॅनला, म्हणजे हाडांची घनता मोजायला, गेलो तर बाहेर बाकावर सगळ्या आज्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "पेशंटला घेऊन आलात का?" म्हटलं मीच पेशंट. स्कॅन काहीच नाही, दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं. रिपोर्टवर टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांशी तुलना) बघून मी आधी गुगल करून घाबरून घेतलं, पण पन्नाशीच्या आतल्या पुरुषांना झेड-स्कोअर बघतात, म्हणजे तुमच्याच वयाच्या माणसांशी तुलना. उणे २ किंवा त्याखाली गेला की वयाच्या मानाने हाड कमी. माझा उणे २.३, आणि मणका तर आधीच चेपलेला, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती.

व्हिटॅमिन डी निघालं ९, म्हणजे फारच कमी. त्याची साठ हजार युनिटची पुडी तर मी अधूनमधून घेत होतो, पण सकाळी उपाशीपोटी पाण्यातून! ते तेला-तुपाबरोबर शोषलं जातं, जेवणानंतर दुधातून घ्यायला हवं होतं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. (आठवड्याला एक म्हणजे एकच, रोज एक घेऊन किडनी बिघडवून घेणारे लोक असतात.) कॅल्शियम एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नीट शोषलं जात नाही म्हणून दुपारी-रात्री जेवणाबरोबर विभागून, आणि लोहाची गोळी सकाळी वेगळी, एकत्र घेतल्या तर कॅल्शियम लोहाला अडवतं.

खाण्याचं म्हणाल तर सगळे सांगतात तीळ खा. माझं आतडं एका जागी अरुंद झालंय, तीळ-शेंगदाणे बंद. दुधाने पोट फुगतं. उरलं दही आणि नाचणी, १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम. आई पीठ रात्री भिजवून सकाळी आंबील करते, ताक आणि जिरं घालून, ती मात्र पोटाला मानवते.

हाडांच्या औषधात आठवड्याची गोळी होती, उपाशीपोटी घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, पण माझ्या पोटाचा भरवसा नाही म्हणून तशाच औषधाचं वर्षातून एकदा घ्यायचं सलाइन ठरलं. आधी डी भरून काढलं, दातांच्या डॉक्टरांकडून तपासून घेतलं, मग. दुसऱ्या दिवशी अंग मोडून ताप आला, पॅरासिटामॉलने उतरला.

सहा वर्षांत माझ्या चार दुर्बिणी झाल्या, रक्त किती वेळा काढलं मोजलं नाही, हाडांचं नाव कुणी काढलं नाही. पहिल्या कोर्सलाच स्कॅन केला असता तर बरं झालं असतं, तुमचा स्टिरॉइडचा कोर्स चालू असेल तर पुढच्या व्हिजिटला विचारा. जार आता जमिनीवरच असतो, वर चार्जिंगचा पंप बसवलाय, बटण दाबलं की घुर्र करत पाणी येतं.