अटलांटिकची केबल आणि तपकीर गल्लीतले वीस कपॅसिटर

१६ ऑगस्ट १८५८ रोजी राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश अटलांटिकखालून पूर्ण जायला सुमारे १६ तास लागले. आत तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चाचं (झाडाच्या चिकापासूनच्या विद्युतरोधक पदार्थाचं) आवरण, बाहेर समुद्र: ती केबल म्हणजे दोन हजार सागरी मैल लांबीचा कपॅसिटरच, म्हणजे विद्युतभार साठवणारा भागच होता. तो भरत जाईल तसा पलीकडे प्रवाह चढायचा, उतरायचाही तितकाच रेंगाळत. घाईने पाठवलेल्या खुणा एकमेकींत मिसळायच्या. म्हणून त्या तारेवर ‘पुन्हा पाठवा’, ‘सावकाश पाठवा’ अशाच संदेशांची गर्दी दिसते.

हे टेबलावर बघता येतं, आणि प्रत्येकाने एकदा बघावंच. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग मिळतात त्या तपकीर गल्लीतून प्रवाह अडवणारे १ किलोओहमचे दहा रेझिस्टर, १०० मायक्रोफॅरडचे वीस कपॅसिटर आणि मधोमध शून्य असलेलं १ मिलिअँपिअरचं काट्याचं मीटर आणा. रेझिस्टर एकापुढे एक जोडा. प्रत्येकानंतर दोन कपॅसिटर, ऋण टोकं एकमेकांना जोडून, सामाईक तारेवर उतरवा. एकेकटा लावलात तर उलटा प्रवाह देताना तो खराब होईल. शेवटी मीटर, सुरुवातीला ९ व्होल्टची बॅटरी; दोन्हींची दुसरी टोकं त्याच सामाईक तारेला. काटा ०.९ मिलिअँपिअरच्या आसपास स्थिरावायला दीडेक सेकंद घेतो. आता पाचच टप्पे ठेवा, पण बॅटरी ४.५ व्होल्टची करा, नाहीतर काटा पट्टीबाहेर आपटेल. वेळ निम्मा होत नाही, चौथाई होतो. भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसनने (पुढचा लॉर्ड केल्विन) मांडलेला वर्गाचा नियम तो हाच: वेळ लांबीच्या वर्गाच्या पटीत वाढतो.

व्होल्टेज वाढवलं तर काटा जास्त हलतो, पण खुणांची सरमिसळ तशीच राहते. केबल टाकणाऱ्या कंपनीचा विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउसने मात्र सुमारे २००० व्होल्ट लावले. आवरण आधीच सदोष होतं, त्यात हा मारा. काही आठवड्यांत केबल मेली. तरी त्याआधी ३१ ऑगस्टला एक मोलाचा संदेश गेला: ६२ वी रेजिमेंट कॅनडाहून परत आणू नका. भारतातल्या उठावामुळे दिलेला हुकूम त्याने रद्द झाला आणि सुमारे ५०,००० पौंड वाचले.

थॉमसनचा मार्ग वेगळा होता. त्याचा आरशाचा गॅल्व्हानोमीटर (सूक्ष्म प्रवाह दाखवणारं यंत्र) इतका नाजूक, की प्रवाह पूर्ण चढायची वाट बघावी लागत नसे. डावी-उजवी हालचाल पुरे. १८६६ च्या केबलमध्ये तांबंही मैलामागे १०७ पौंडांवरून ३०० वर गेलं, गटापर्चा २६१ वरून ४००. रोध घटला आणि संदेश मिनिटाला काही शब्दांच्या वेगाने जाऊ लागले.

टेबलावरच्या मॉडेलवर उलटा प्रवाहही देऊन बघा: बॅटरी जोडा आणि लगेच क्षणभर उलटी लावा. काटा किती पटकन शून्यावर येतो ते दिसेल.