कुलूप राहिलं बाजूला, मी कानसच घासतोय

परवा एका मित्राने विचारलं, काय रे, तुझा तो कुलपं उघडायचा छंद कुठवर आला, आणि मी खरं ते सांगून टाकलं की गेल्या दीड महिन्यात मी एकही कुलूप उघडलेलं नाही. मग रोज रात्री करतोस काय? म्हटलं, घासतो. आधी कानशीने घासतो, मग पॉलिश पेपरने घासतो, मग तो पेपर झिजला की त्याहून बारीक पेपर घेऊन परत तेच. त्याला वाटलं मी टाळतोय. पण खरंच, लॉकपिकिंगची हत्यारं घरी बनवायला घेतली की कुलूप बाजूलाच राहतं आणि माणूस पातं घासत बसतो, आणि गंमत म्हणजे त्याचं काही वाईटही वाटत नाही.

सुरुवात विकतच्या सेटनेच झाली होती. दहा-बारा हत्यारं, चामड्यासारखं दिसणारं पाकीट आणि सोबत एक पारदर्शक प्लास्टिकचं कुलूप. त्या पारदर्शक कुलपाने जो आत्मविश्वास दिला तो खऱ्या कुलपाने पाच मिनिटांत काढून घेतला, कारण माझ्याकडच्या जुन्या पितळी कुलपाचं चावीचं भोक इतकं अरुंद आणि वाकडंतिकडं की सेटमधला हुक, म्हणजे टोकाला वाकडं असलेलं पातं, आत शिरायचा पण वर-खाली हलायला जागाच नाही. तोच हुक जरा बारीक करूया म्हणून कानस हातात घेतली आणि तिथेच फसलो. आईने एकदा टेबलावरचा पसारा बघितला आणि म्हणाली, "चोरांच्या शाळेत नाव घातलंस का रे?" मी तिला ऐकवलं की अगं जर्मनीत १९९७ पासून ह्या खेळाची रीतसर संघटना आहे, स्पर्धा होतात. तिने विचारलं स्पर्धेत मिळतं काय. म्हटलं समाधान. "मग आधी त्या कपाटाची हरवलेली चावी शोध, तेवढं समाधान मला दे."

ह्या छंदात नियम दोनच. जे कुलूप आपलं नाही, किंवा मालकाने तोंडाने हो म्हटलेलं नाही, ते उघडायचं नाही. आणि जे रोजच्या वापरात आहे त्याला हात लावायचा नाही. पहिला कोणालाही पटतो. दुसरा मला उगाचचा वाटायचा, माझंच दार माझंच कुलूप, कोण काय म्हणणार? त्याचं पुढे सांगतो. आणि हो, असली हत्यारं जवळ ठेवण्याबद्दलचे कायदे प्रत्येक देशात वेगळे आहेत, तेव्हा आधी बघून घ्या, आणि खिशात घालून हिंडू तर अजिबात नका.

आता कुलपाकडे येऊ, कारण त्याशिवाय घासणं कशासाठी ते कळणार नाही. आपण सगळे वापरतो ते पिनवालं कुलूप लायनस येल ज्युनियरने १८६१ साली ज्याचं पेटंट घेतलं त्याच वळणाचं आहे, आणि पिनांची कल्पना तर त्याहून कितीतरी जुनी, प्राचीन इजिप्तमध्ये लाकडी पिनांची कुलपं होती. आत फिरणारा एक गोल गाभा, त्याच्या वरून एका ओळीत पाच-सहा भोकं, प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना आणि त्यांच्या डोक्यावर स्प्रिंग. बरोबर चावी गेली की प्रत्येक जोडीतला सांधा नेमका गाभ्याच्या कडेला येतो आणि गाभा फिरतो. ती भोकं अगदी काटेकोर एका रेषेत असती तर आपलं काही चाललं नसतं. पण कारखान्यात केसाएवढा का होईना फरक राहतोच, आणि हा सगळा छंद त्या केसावर उभा आहे. गाभ्याला हलका पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, एकच आधी अडकते, ती उचलली की बारीक टिक होतं, गाभा कळेल-न-कळेल इतका सरकतो, मग दुसरी अडकते. ही टिक कानापेक्षा बोटाला जास्त कळते. आणि पात्याची कड खडबडीत असेल तर आत तीच खरखरत राहते, टिक कुठली आणि खरखर कुठली काही पत्ता लागत नाही. मी कितीतरी महिने स्वतःच्या खरखरीलाच कुलूप समजत होतो.

सामानाचं म्हणाल तर पहिली पसंती हॅक्सॉ ब्लेडला, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याला. जाडी साधारण ०.६ मिलिमीटर, पिकसाठी अगदी बरोबर (पिक म्हणजे पिना उचलायचं पातं, शेतातलं नव्हे). पण सगळी ब्लेडं सारखी नसतात हे मला एक ब्लेड कडकन मोडून दोन तुकडे झाल्यावर कळलं. जे संपूर्ण कडक पोलादाचं असतं ते काचेसारखं तुटतं. बायमेटल ब्लेड बरं, त्यात दातांची कड तेवढी कडक पोलादाची आणि पाठ लवचिक स्प्रिंग स्टीलची, आणि आपल्याला हवी असते ती पाठच. आधी दात घासून काढायचे, मग कागदावर हुकचा आकार काढून तो कागद ब्लेडवर चिकटवायचा आणि रेषेपर्यंत घासत जायचं. फीलर गेजच्या, म्हणजे बारीक फटी मोजायच्या, पोलादी पट्ट्या त्याहून सोप्या, प्रत्येक पट्टीवर जाडी कोरलेलीच असते त्यामुळे मोजायचं कामच नाही. सुरुवातीला मी केसांच्या पिनाही वाकवून बघितल्या, सिनेमात बघून, पण त्या कुलपाच्या आधी स्वतःच वाकतात, सोडून द्या.

आता ग्राइंडर. माझ्याकडे छोटा बेंच ग्राइंडर आहे आणि मला वाटलं दोन तासांचं काम दहा मिनिटांत उरकेल, उरकलंही, मस्त हुक तयार झाला, फक्त टोकाजवळ एक सुंदर निळसर झाक आली होती, मोरपिसासारखी. मी भाबडा, फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो हुक कुलपात घालून जरा जोर दिला तर वाकला, सरळ केला, परत वाकला, शिजलेल्या शेवईसारखा. पाणी उतरलं होतं. पोलादाला पाणी देतात हे लहानपणापासून ऐकलेलं, पण ते उतरतं कसं हे तेव्हा डोळ्यांनी बघितलं. पोलाद तापत गेलं की साधारण २२० अंश सेल्सिअसच्या आसपास फिकट पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० च्या जवळ निळा. कडक पातं पिवळ्यापर्यंत फार बिघडत नाही, निळं झालं की बऱ्याच पोलादांचा कडकपणा उतरलेला असतो, आणि हुकचं टोक इतकं चिमुकलं की तिथे निळा यायला एक-दोन सेकंद पुरतात. तेव्हापासून ग्राइंडरशेजारी पाण्याचं भांडं, हातात मोजा नाही, उघड्या बोटांनी पातं धरायचं आणि चटका बसायच्या आत पाण्यात बुडवायचं. बोट हाच थर्मामीटर. डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच. आणि शेवटचा आकार कानशीनेच, त्याला पर्याय नाही.

पण मला कोणी विचारलं की पहिलं काय बनवू, तर मी हुक सांगणार नाही, टेन्शन रेंच सांगेन. (टेन्शन कुलपाला द्यायचं, घ्यायचं नाही, हा विनोद ह्या छंदातला प्रत्येक माणूस एकदा तरी करतो, माझाही झाला.) गाभ्याला पीळ देणारी ही वाकडी पट्टी, तिच्याकडे कोणी बघतच नाही, सगळं कौतुक पिकचं. गाडीच्या जुन्या वायपरच्या रबरात स्टेनलेस स्टीलच्या दोन लांब पट्ट्या असतात, बहुतेक लोक रबरासकट फेकून देतात, त्यांच्यासारखी रेंच दुसऱ्या कशाची होत नाही. दोन पकडी घ्यायच्या, टोकापासून सेंटीमीटरभर जागा सोडून काटकोनात वाकवायची, तापवायचं काही नाही, थंडच वाकते. टोक भोकाच्या रुंदीएवढं घासायचं, म्हणजे ते भोकाच्या एका कडेला घट्ट बसतं, लडबडत नाही आणि पिकला जागा उरते. आणि दाब किती? किबोर्डचं बटण खाली जाईल-न-जाईल इतका. माझी पहिली रेंच जाड सळईची होती, तिने दाब किती पडतोय ते हाताला कळायचंच नाही आणि मी आपला खुंटी पिळल्यासारखा पिळत बसायचो.

आता ते दुसऱ्या नियमाचं. एका रविवारी घरचे बाहेर गेलेले, मी एकटा, टेबलावरची चारही कुलपं उघडून झालेली, आणि डोक्यात किडा वळवळला की घराच्या दाराचं लॅच बघूया. नवाकोरा पिक होता, दात काढलेल्या ब्लेडचा, आकार अगदी बरोबर पण मानेजवळ कानशीची एक आडवी खाच राहून गेलेली. दिसत होती मला. म्हटलं काय होतंय. तिसऱ्या पिनेशी तो पिक खाचेतच मोडला आणि दीड सेंटीमीटरचं टोक आत राहिलं. चावी अर्धीच जाते, दार बंद, आणि मी बाहेर, घरात घालायच्या चपलांवर.

किल्लीवाले काका आले ते पाऊण तासाने. मी घाईघाईत सांगायला लागलो की घर माझंच आहे, हे बघा ओळखपत्र, त्यांनी ते शांतपणे बघितलं आणि मग माझ्या हातातला पिकचा उरलेला तुकडा मागून घेतला. अंगठ्याचं नख त्यांनी कडेवरून फिरवलं. नख अडकलं. "ही खाच बघितलीत? इथेच तुटणार होतं ते. कानस आडवी मारलीत. पात्याच्या लांबीने मारायची, आडवी नाही. आणि ह्या कडेने पिना खरवडताय तुम्ही, पितळ आहे ते." एवढं बोलून त्यांनी पिशवीतून नक्षी कापायच्या करवतीचं एक बारीक पातं काढलं, दोन्ही बाजूंनी घासून आणखी बारीक केलेलं, ते तुकड्याच्या शेजारून आत सरकवलं, जरा पिळलं, दातांत तुकडा धरला आणि बाहेर. मिनिटभरही लागलं नसेल. मग माझ्याच चावीने दार उघडलं.

त्यांच्या हत्यारांकडे मी तेव्हा नीट बघितलं. मुठीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, पाठीवर गंज, दिसायला अगदी भंगार. फक्त पुढची तीन-चार सेंटीमीटरं आरशासारखी. मी विचारलं पॉलिश कशाने करता, तर म्हणाले पेपर, मग त्याहून बारीक पेपर, मग जीन्सचा तुकडा, आणि मग वापरून वापरून. माझे पिक बरोब्बर उलटे होते, मुठीला रंगीत आवरण आणि टोक खरखरीत.

त्या दिवसापासून हा घासण्याचा नाद लागला. आता मी २२० नंबरच्या पेपरपासून सुरू करतो, ४००, ६००, १०००, आणि प्रत्येक वेळी आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत पुढचा हातात घेत नाही. कडा गोल करायच्या, पात्याचा छेद चपट्या दगडी गोट्यासारखा झाला पाहिजे, मुठीकडून टोकाकडे नख फिरवलं तर कुठेही अडकता कामा नये. दोन्ही अंगांनी, मानेच्या आतल्या वळणातसुद्धा, आणि ते वळणच सगळ्यात त्रासदायक, तिथे पेपर जात नाही, काडीला पेपर गुंडाळून घालावा लागतो.

हत्यार बनवण्याचं हे वेड काही आजचं नाही. १७९० च्या सुमारास लंडनमध्ये जोसेफ ब्रामा ह्या कुलूपवाल्याच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप आणि आव्हानाची पाटी लागली होती, आणि मला त्या पाटीची भाषा फार आवडते, कारण २०० गिनींचं (गिनी म्हणजे तेव्हाचं इंग्रजी सोन्याचं नाणं) बक्षीस तिने नुसतं उघडणाऱ्याला लावलं नव्हतं, ते उघडेल असं हत्यार जो कारागीर बनवील त्याला लावलं होतं. साठएक वर्षं कोणी ते पैसे नेले नाहीत. मग १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपवाला आला, त्याने आधी चब कंपनीचं डिटेक्टर कुलूप (कोणी छेडछाड केली की अडकून बसणारं) पंचवीस मिनिटांत उघडलं आणि मग ब्रामाच्या कुलपाला बसला. १६ दिवसांत मिळून ५१ तास. त्या कुलपासाठी त्याने खास साधनं बनवून घेतली होती, त्यावरून नंतर कुरबुरही झाली की एवढी साधनं लावल्यावर ते उघडणं कसलं, पण पैसे त्याला मिळाले. माझ्या मते तर पाटीवर लिहिलेलं काम त्याने अक्षरशः केलं.

माझ्या टेबलावर सध्या एक सहा पिनांचं कुलूप आहे, त्यात काही पिना स्पूलच्या, म्हणजे दोऱ्याच्या रिळासारख्या, मध्ये बारीक. ह्या पिना फसवतात. गाभा थोडा फिरतो, वाटतं उघडलं, आणि तिथेच अडून बसतो. मग कोणती पिन ते शोधायचं, ती उचलायला लागलं की गाभा उलटा, मागे सरकायला बघतो, तेव्हा रेंच किंचित सैल सोडायची, पण इतकीही नाही की बाकीच्या सगळ्या पिना खाली पडतील. जाड सळईच्या रेंचवर ते मागे सरकणं मला कधीच कळलं नसतं. वायपरच्या पट्टीवर कळतं, बोटाखाली कोणीतरी हळूच हात मागे घेतल्यासारखं. परवा पाचव्या पिनेपर्यंत पोचलो होतो आणि आईने जेवायला हाक मारली, दचकलो, सगळ्या पिना खाली.

नक्षीच्या करवतीचं पातंही आणून ठेवलंय, काकांनी घासलं होतं तसं घासायचा प्रयत्न चालू आहे, आत्तापर्यंत तीन मोडली. चौथं घासतोय.