मलावीतल्या शाळेत शिकवताना
आफ्रिकेतल्या मलावी या देशात 1994 साली प्राथमिक शिक्षण मोफत झाले आणि शाळा मुलांनी भरून गेल्या, पण खोल्या व शिक्षक त्या प्रमाणात वाढले नाहीत. त्यामुळे राजधानी लिलाँग्वेपासून दूर ज्या खेड्यात मी स्वयंसेविका म्हणून गणित शिकवते, तिथे एकेका वर्गात शंभराहून अधिक मुले जमिनीवर दाटीवाटीने बसतात. पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की माझा आवाज पहिल्या रांगेपलीकडे पोहोचत नाही, मग सगळा धडा फळ्यावर लिहून काढावा लागतो.

विजेचा लपंडाव हळूहळू अंगवळणी पडतो. खरी कसोटी जानेवारी ते मार्च या काळात लागते. तेव्हा घरातला मका संपत आलेला असतो, नवे पीक अजून शेतात उभे असते आणि उपाशीपोटी आलेली मुले दुसऱ्या तासालाच माना टाकतात. अशा दिवसांतही शेजारच्या आजी मला न्सिमा (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) आणि सुकवलेल्या उसिपा माशांचे कालवण आग्रहाने वाढतात. ते नाकारणे मला जमत नाही, म्हणून बाजारातून येताना मी त्यांच्यासाठी तेल आणि मीठ आणते.

दोन-तीन आठवड्यांसाठी येणाऱ्यांनी वर्ग घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांनी चिचेवा या स्थानिक भाषेत शिकवणाऱ्या इथल्या शिक्षकांना तक्ते आणि सरावपत्रिका तयार करून द्याव्यात.