पलंगाखालून बाहेर ये: वहीचा चौथा महिना

मंडळी, मागच्या वेळी म्हटलं होतं की आता फ्रेझल व्हर्ब ('गिव्ह अप' सारखी जोडक्रियापदं) बास, आता फक्त हालचाल. म्हणजे कोण कुठून कुठे गेलं हे सांगताना इंग्रजी हे आउट, अप, फ्रॉम, अंडर वगैरे एकापुढे एक कसे लावते. अशी इंग्रजी वाक्यं टिपायच्या माझ्या वहीत आत्तापर्यंत दोनशेच्या वर वाक्यं झालीत, निम्मी क्रिकेट कॉमेंट्रीतली, कारण संध्याकाळी मॅच लागलेली असते आणि वही मांडीवर. थ्रो 'इन फ्रॉम द डीप' येतो, बॉल 'आउट ऑफ द रफ' वळतो, सगळं हालचालीचंच आहे तिथे.

सुरुवात झाली ती आमच्या मांजरामुळे. ते पलंगाखाली जाऊन बसलं की मी ओरडतो, पलंगाखालून बाहेर ये. एकदा सहज त्याच्याच खाली इंग्रजी लिहिलं, 'कम आउट फ्रॉम अंडर द बेड', आणि दोन मिनिटं बघतच बसलो. इंग्रजी शेवटाकडून वाचा: बेड, अंडर, फ्रॉम, आउट, कम. आता मराठी सरळ वाचा: पलंग, खाल, ऊन, बाहेर, ये. आरशात धरल्यासारखं! त्यांचा 'द' आपल्याकडे नाही आणि आपल्या सामान्यरूपातला 'आ' (पलंगचं पलंगा होतं तो) त्यांच्याकडे नाही, म्हणजे दोघांचा एकेक तुकडा शिल्लक राहतो तेवढाच. मी इतकी वर्षं 'फ्रॉम अंडर' ही काहीतरी इंग्रजांची विचित्र जोडी समजत होतो, दोन प्रीपोझिशन शेजारी कशी चालतात म्हणून, आणि आपण 'खालून' म्हणतो तेव्हा नेमकं तेच करतो, फक्त आपण चिकटवून लिहितो म्हणून दिसत नाही. घरातून हे पण तसंच, घरात अधिक ऊन. मागून, वरून, आतून, सगळे याच घाण्यातले.

मग वाटलं की 'फ्रॉम अंडर' आहे तर 'टू अंडर' पण असणार. शोधलं, नाही मिळत. निदान माझ्या दोनशे वाक्यांत एकही नाही. मांजर पलंगाखाली गेलं हे 'वेंट अंडर द बेड' एवढंच, 'टू' लागतच नाही. 'व्हेअर आर यू गोइंग' ला मागे टू नको, पण 'व्हेअर आर यू फ्रॉम' ला फ्रॉम पाहिजेच. 'गो होम' मोकळं, 'फ्रॉम होम' ला फ्रॉम. (शाळेत 'गो टू होम' लिहून किती लाल रेघा खाल्ल्यात.) आणि आपलं? घरी आहे, घरी गेला, घरी तोच. कुठे आहेस, कुठे चाललास, कुठे तोच. निघाल्याची जागा सांगायची असेल तेव्हाच ऊन लागतो, कुठून. बाय द वे, निघताना कुठे चाललास विचारलं की आजी जाम चिडायची, अपशकुन म्हणे. कुठून आलास याला मात्र तिची काही हरकत नसायची.

इथपर्यंत मी खूश होतो, दोन्ही भाषा सारख्याच म्हणून. मग हे वाक्य आलं: 'द कॅट रॅन अंडर द टेबल'. याचे तीन अर्थ होतात. टेबलाखालच्या टेबलाखालीच पळत होतं, किंवा पळत जाऊन टेबलाखाली शिरलं, किंवा एका बाजूने घुसून दुसऱ्या बाजूने गेलं. इंग्रजीत तिन्हीला 'अंडर'च. आपण तिसऱ्याला लगेच वेगळं काढतो, टेबलाखालून पळालं. पण मग आपलं 'टेबलाखालून पळालं' बघा, ते आधी टेबलाखाली बसलं होतं आणि तिथून पळालं, की नुसतं खालून पास झालं? सांगता येत नाही! इंग्रजी तिथे पहिल्याला 'फ्रॉम अंडर' करते आणि दुसऱ्याला नुसतं 'अंडर' ठेवते. म्हणजे इंग्रजीने वाट, म्हणजे जिथून पास होतो ती, टाकलीय जागेच्या खिशात आणि आपण टाकलीय निघण्याच्या खिशात. चार महिन्यांत हाताला लागलेली ही एकच खरी गोष्ट, बाकी सगळं गोळा करणं.

याचा फटकाही बसलाय मला. कोल्हापूरहून मुंबईला येत होतो, एका ओळखीच्या माणसाला, मराठी न येणाऱ्या, मेसेज केला की 'कमिंग फ्रॉम पुणे'. माझ्या डोक्यात होतं पुण्यावरून येतोय, म्हणजे पुणेमार्गे. तो बिचारा पुण्याहून निघालो असं समजून वेळ मोजत बसला आणि मी तेव्हा कराडच्या पण अलीकडे. एसटीच्या पाटीवर 'मार्गे' का लिहितात ते त्या दिवशी पटलं. पुस्तकात पुण्याहून आणि पुण्यावरून वेगळे आहेत, पण बोलताना सगळं पुण्यावरनंच होतं ना.

आता 'आउट ऑफ'. हा मला कायम खटकायचा. ऑफ म्हणजे चा-ची-चे, मग 'बाहेर चा' कशाला? तर जुन्या इंग्रजीत 'ऑफ'चा अर्थच 'पासून, -हून' असा होता, आणि टीव्ही 'ऑफ' करतो तो ऑफ आणि हा ऑफ मुळात एकच शब्द. जोर देऊन म्हटला तो टीव्हीवाला (off) झाला, हलका म्हटला तो हा (of) झाला, आणि स्पेलिंग वेगळी म्हणून पक्की व्हायला सतरावं शतक उजाडलं. मजा म्हणजे देवनागरीत आपण दोन्ही 'ऑफ'च लिहितो, म्हणजे नकळत हजार वर्षांपूर्वीचं लिहितोय! 'नॉर्थ ऑफ पुणे' मधला ऑफ पण तोच जुना, पुण्यापासून उत्तरेला. अमेरिकेत 'गेट ऑफ ऑफ द टेबल' म्हणतात तेव्हा दोन भाऊ शेजारी उभे असतात, आणि ब्रिटिश नाकं मुरडतात.

'व्हेन्स' आणि 'हेन्स' वर फार वेळ नाही घालवला. हिअर, हिदर, हेन्स म्हणजे इथे, इकडे, इथून, एवढं लक्षात ठेवलं की झालं. 'व्हेन्स' या शब्दातच 'कुठून' हा अर्थ आलेला असताना 'फ्रॉम व्हेन्स' म्हणणं चूक असं ज्यांना वाटतं त्यांनी 1611 चं किंग जेम्स बायबल बघावं, तिथेही आहे. आपलं संस्कृत 'कुतः' पण याच कामाचं.

शेवटी या आठवड्यातला किल्ला. तो जुना जोक आहे ना, मुलगा वर झोपायला गेलाय, वडील त्याला वाचून दाखवायला खालून त्याला नको असलेलं पुस्तक घेऊन येतात आणि मुलगा म्हणतो, 'व्हॉट डिड यू ब्रिंग दॅट बुक आय डिडंट वॉन्ट टू बी रेड टू आउट ऑफ अप फॉर'. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नुसता हसलो होतो. आता वहीत सोडवलं: शेवटचा 'फॉर' सुरुवातीच्या 'व्हॉट' चा, कशाला. 'अप' हा 'ब्रिंग' चा, वर आणलंस. 'आउट ऑफ' पुस्तकाचा, त्यातून. 'टू' वाचून दाखवण्यातला, मला. मराठीत केलं तर 'ज्यातून मला वाचून दाखवलेलं नको होतं ते पुस्तक वर कशाला आणलंस', आणि जोक ठार मेला, कारण आपला ऊन आपल्या शब्दाला घट्ट धरून बसतो, वाक्याच्या शेवटी एकटा उभा राहत नाही.

पुढच्या महिन्यात 'गर्दीतून' घेतोय. तो गर्दीतून आला, म्हणजे 'थ्रू' की 'आउट ऑफ'? वहीत सध्या नऊ वाक्यं आहेत आणि पाचांपुढे मी स्वतःच प्रश्नचिन्ह काढलंय. कुणाकडे चांगली वाक्यं असतील तर टाका, कॉमेंट्रीतली असली तर आधी.