१२ कोंबड्या छपराखाली: बर्ड फ्लूच्या दिवसांतली कामाची नोंद

सुरुवातीची स्थिती. ९ गावरान, ३ गिरिराज (सुधारित जातीच्या). दिवसभर मोकळ्यावर, रात्री खुराड्यात. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मेले आणि उरण तालुक्यातल्या चिरनेरला परसातल्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला. बाधित ठिकाणापासून १ किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या मारतात, १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. हे खुराडं त्या हद्दीबाहेर आहे, पण कावळ्याला हद्द कोण सांगणार? म्हणून मोकळं सोडणं बंद.

दिवस १ ते ३: छप्पर. बहुतेक जण आधी जाळीमागे धावतात. पण वरून पडणारी पक्ष्यांची विष्ठा जाळीतून सरळ दाणीत (दाण्याच्या भांड्यात) येते, म्हणून आधी पत्रा. खुराड्याला लागून ८ × १२ फुटांचा वाडा. म्हणजे कोंबडीमागे ८ चौरस फूट. १० × ३ फुटी ५ पत्रे, दोन्ही बाजूंना फूटभर बाहेर, उतार ८ फुटांना १ फूट. ताडपत्री स्वस्त पडते, पण मध्ये झोळ येऊन पाणी साचतं आणि त्यावर पक्षी उतरतात.

दिवस ४: जाळी. एक इंची षटकोनी जाळीतून कावळा येत नाही, चिमणी आरामात येते. सगळीकडे अर्धा इंची वेल्डमेश (वेल्ड केलेली चौकोनी तारेची जाळी) परवडत नसेल तर खालचे २ फूट तरी तीच हवी. तिची ६ इंच पट्टी बाहेरच्या बाजूला जमिनीत गाडायची, नाहीतर उंदीर उकरतात. त्यावर जुन्या षटकोनी जाळीला बारीक डोळ्याचं मासे धरायचं नायलॉनचं जाळं धुऊन शिवलं. हे नायलॉन उंदीर कुरतडतात, म्हणून ते खाली लावू नये.

दिवस ६: चिमण्या तरीही आत. चूक पत्र्याखाली होती. पत्र्याच्या प्रत्येक वळशाखाली चौकटीवर फट राहते. जाळीचे तुकडे गुंडाळून त्यात कोंबले, तेव्हा कुठे थांबल्या. नवीन काम करणाऱ्यांनी हे पत्रा ठोकतानाच करावं. नंतर शिडीवर चढून करणं म्हणजे कटकट.

दिवस ७: पाय. जाळीपेक्षा महत्त्वाचं काम, खर्च एका रबरी चपलेचा. दाराशी आडवी फळी. फळीच्या आत फक्त आतली चप्पल, बाहेर फक्त बाहेरची. गोठा, बाजार, शेजारच्या कोंबड्या, सगळं या तळव्यांना चिकटून येतं. ४ अंश सेल्सिअसला बर्ड फ्लूचा विषाणू विष्ठेत ३५ दिवस, ३७ अंशांना ६ दिवस टिकलेला आहे, म्हणजे जानेवारीतली गार, दमट माती धोक्याची. ब्लीचिंग पावडरचं पाणी (१ लिटरला ३० ग्रॅम, रोज ताजं) टबात ठेवायचं तर आधी तळवा घासून चिखल काढा. शेण-चिखल क्लोरीन खाऊन टाकतो. त्यात फिनेल किंवा आम्ल मिसळू नका. जाळीवर ते शिंपडू नये, गंज चढतो.

दिवस ९: पिसं उपटणं. दोन गिरिराजांच्या शेपटीजवळ लाल चट्टे. मोकळ्यावर सवय असलेल्या कोंबड्या कोंडल्या की हे होऊ शकतं. शेवग्याचा धुतलेला पाला दीड फुटावर टांगला, भाताचं तूस ३ इंच पसरून त्यात मूठभर दाणे फेकले, घमेल्यात राख आणि छपराखालचीच कोरडी माती ठेवली. चट्ट्यांवर हळद-तेल. जिला टोचतात तिला २ दिवस वेगळं ठेवलं.

चरणं बंद झाल्यावर दाणा वाढतो: कोंबडीमागे ११०-१२० ग्रॅम, म्हणजे दिवसाला साधारण १.४ किलो. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. दाणी आणि पाणी दोन्ही आतच. तळ्याचं, ओढ्याचं पाणी नाही. विकतच्या कोंबडीचं धुवण किंवा कच्ची अंड्याची टरफलं घालू नयेत.

दिवस १२: उन्हाचा ताप. दुपारी पत्रा तापून कोंबड्या चोच उघडून धापा टाकू लागल्या. पत्र्यावर ओलं गोणपाट टाकून पाहिलं. पाणी आत ठिबकून तूस भिजलं, अमोनियाचा वास आला. नारळाच्या झावळ्या दोन थरांत बांधल्यावर काम झालं.

पुढची तयारी. आठवडी बाजारातून काही आणायचं नाही, आणि बाजारात नेलेली कोंबडी न विकता परत आणायची तर ३ आठवडे वेगळी. बदकं असतील तर दूर. ती लक्षणं न दाखवताही विषाणू बाहेर टाकतात. लासोटा ही मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस आहे, बर्ड फ्लूची नाही. ती मात्र वेळच्या वेळी द्यावी, कारण तुरा काळानिळा पडणं, तोंड सुजणं, हिरवट हगवण, पटापट मर हे दोन्ही रोगांत दिसू शकतं. निवाडा प्रयोगशाळाच करते. मेलेली कोंबडी कापून पाहू नका, पुरू नका, उकिरड्यावरही टाकू नका. हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. मोजणीची वहीही ठेवा: भरपाई मारलेल्या जिवंत पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही, त्यामुळे कळवायला उशीर केला तर तोटा आपलाच.

दिवस १५: मर शून्य, अंडी रोजच्या ७ वरून ५ वर.